गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "लोहाच्या गोळ्या नेमाने घेते, पालेभाजी खाते, तरी रक्त वाढत नाही. आणि हातपाय मोडून येतात ते वेगळंच." आपण म्हणतो, कष्टाने अंग दुखतंय. पण मुरबाड, शहापूरच्या पाड्यांवर आणि कामासाठी कल्याण, भिवंडीकडे आलेल्या कुटुंबांत याचं कारण सिकलसेलही असू शकतं.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. साधी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी राहतं. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकल्या की सांधे, पाठ, छाती असह्य दुखते.

गरोदरपणात रक्ताची गरज वाढते, म्हणून हा आजार जास्त त्रास देतो. वेदना वारंवार येतात, जंतुसंसर्ग होतो, रक्तदाब वाढतो, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मू शकतं. तरीही वेळेवर तपासणी झाली तर अशा बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात.

म्हणून दिवस गेले की लगेच नाव नोंदवा आणि सिकलसेलची तपासणी मागा. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत असते. दर महिन्याच्या 9 तारखेला तिथे गरोदर मातांची खास तपासणीही असते. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे.

नवऱ्याचीही तपासणी करा. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण अंगात दोष असलेले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते. दोष आईबाप दोघांकडून येतो, त्यामुळे सुनेला बोल लावू नका. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत होते, पण त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना विचारावं लागतं.

आजार निघाला तर काय करायचं?

फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्या, मात्रा डॉक्टर ठरवतील. लोहाच्या गोळ्या स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका. ज्यांना वरचेवर रक्त चढवलेलं असतं त्यांच्या अंगात लोह साठलेलं असू शकतं. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांना सांगा. दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

पाणी भरपूर प्या. ऊन, थंडी आणि अतिश्रम टाळा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बहिणींना हे सर्वांत अवघड. गरोदर बाईला भट्टीवर नेऊच नये. जावंच लागलं तर माती-विटा उचलायचं काम देऊ नका, सावली आणि पाणी जवळ हवं, आणि तपासणीचे कागद सोबत. जिथे जाल तिथल्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात भेटा.

बाळंतपण घरी नको. रक्ताची सोय असलेलं रुग्णालय सातव्या महिन्यातच ठरवा. छातीत दुखणं, धाप, ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

आणि गटाचं काम काय? प्रत्येक बैठकीत विचारा, कोण गरोदर आहे, तपासणी झाली का? अंतर्गत कर्जातून थोडी रक्कम अशा वेळेसाठी बाजूला ठेवा. गावातल्या रक्तदात्यांची यादी आशाताईंकडे असू द्या. तपासणीला जाताना एक बाई सोबत जा.

बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या ताईला आम्ही त्याच आठवड्यात तपासणीला नेलं. तुमच्या गटातही अशी एखादी ताई गप्प बसलेली असेल. तिला विचारा.