प्रबळगडाचे समुद्रातले भाऊबंद
भूगोल शिकवण्याची नोकरी संपली, पण खोड गेली नाही. सोसायटीतली पोरं सापडली की मी त्यांना प्रबळगडाकडे बोट दाखवतो. तिथे आणि माथेरानच्या कड्यांत लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या बाजूला आलं की तेच थर समुद्राकडे कलतात. जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली हा वाक नोंदवला. ‘पनवेल फ्लेक्शर’ हे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे. पनवेलकरांना विचारू नका.

हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. बहुतेक अभ्यासकांच्या मते ज्या हॉटस्पॉटमधून, म्हणजे खोलातून तप्त खडक वर चढतो अशा ठिकाणातून, हा लाव्हा आला, तो आज रियुनियन बेटाखाली आहे, इथून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर. भारत त्याच्यावरून उत्तरेला सरकला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग लागली. १९८७ साली जहाजावरून समुद्रतळ खोदला, तेव्हा मालदीवजवळचा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे पावणेसहा कोटी वर्षांचा निघाला. त्याच रांगेतलं मॉरिशस तर कोटभर वर्षांचंही नाही.

‘म्हणजे हॉटस्पॉटवरचा समुद्रतळ तापलेला असेल ना?’ हा पोरांचा प्रश्न ठरलेला. तळातली उष्णता मोजायला तापमापक लावलेली लांब सळई गाळात खुपसतात. किती खोलीला तापमान किती वाढलं आणि गाळ उष्णता किती वाहतो, यावरून हिशेब निघतो. महासागरात सरासरी दर चौरस मीटरला दशांश वॅट, म्हणजे ऐसपैस फ्लॅटएवढ्या तळातून एक एलईडी दिवा लागेल इतकीच. हवाईही अशाच हॉटस्पॉटवर; तिथे भोवती मोजलं, तर वाढ फारच थोडी आढळली. कारण वरचं भूपट्ट शंभरेक किलोमीटर जाड, आणि खडक उष्णतेचा मंद वाहक. नुसती झिरपत ती वर यायला कोट्यवधी वर्षं लागतात. लाव्ह्याची गोष्ट वेगळी: खोलातला तप्त खडक वर चढताना दाब उतरतो, थोडा वितळतो, आणि तो रस भेगांतून वाट काढतो.

पुढे हॉटस्पॉट मागे पडला की भूपट्ट निवतं, आकसतं, खचतं आणि शिखरं बुडतात. मालदीवात काळा दगड दिसत नाही तो म्हणूनच. बुडत्या ज्वालामुखीवर प्रवाळांनी चुनखडी चढवत नेली. मॉरिशस अजून तरुण. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मराठी मजूर तिथे गेले. उसाच्या शेतांत मजुरांनी वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग अजून उभे आहेत, आणि शेजारच्या रियुनियनवर पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी नवा दगड ओततोच आहे.