खुरापासून कळसापर्यंत

काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले, की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख मात्र शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधी शिलाहारांच्या राजवटीत उभ्या राहिलेल्या या देवळालाही आपण सर्रास हेच नाव देतो.

हे नाव रूढ झाले ते बांधणीवरून. चुना न वापरता घडीव दगड रचायचे, एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा बसवायचा आणि बाकीचे काम दगडांच्या वजनावर सोपवायचे, ही ती पद्धत. दगड कसे जोडले, एवढेच तिच्यावरून कळते. देवळाचे रूप समजायला शिल्पशास्त्राची परिभाषाच लागते.

सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर त्यासाठी उत्तम. रुंद जोत्यावर मधोमध शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची लहान मंदिरे, हे पंचायतन. मुख्य मंदिराच्या भिंतीपाशी जाऊन खालून वर पाहावे. तळाशी खुर, त्यावर गोलसर कुंभ, मग कलश आणि पुढे झुकलेला कपोत असे थर लागतात. तिरपे ऊन पडले, की प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर उतरते आणि काळ्या दगडातली रेघ न् रेघ उठून दिसते. त्यावरची मूर्तींची उभी भिंत म्हणजे जंघा. भिंतीचा मधला, सर्वांत पुढे आलेला भाग भद्र, तर कोपऱ्याचा भाग कर्ण.

भद्राची रेषा जंघेपाशी थांबत नाही. तीच शिखरावर लता होऊन चढते. चार दिशांना अशा चार लता, त्यांच्यामधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या आडव्या-उभ्या रांगा आणि माथ्यावर आमलक व कळस, ही भूमिज शिखराची खूण. माळव्यात परमार राजा उदयादित्याने अकराव्या शतकात बांधलेल्या उदयपूरच्या उदयेश्वर मंदिराचे शिखरही भूमिजच. सिन्नर आणि माळवा यांचे हे नाते 'हेमाडपंती' म्हणून थांबणाऱ्याला दिसणारच नाही.

या परिभाषेची खरी गरज गावोगावच्या जीर्णोद्धारात आहे. ऑइलपेंटखाली जंघेवरचे कोरीवकाम बुजते, फरशीच्या भरावात खुर-कुंभ गाडले जातात. ते पुसणाऱ्यांची श्रद्धा खोटी नसते; आपण काय झाकतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून आपल्या गावच्या देवळाचे काम निघाले, तर पहिला दगड हलवण्याआधी प्रत्येक थराचे छायाचित्र काढा, त्याखाली त्याचे नाव लिहा आणि तो कागद विश्वस्तांच्या हाती द्या.