चार दिवसांची सुट्टी आणि घराचं अंतर

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, सुट्टीवर व्याख्यान कसलं द्यायचं? सुट्टी लागली की पोरं घरी जातात, संपली की परत येतात. मोठ्या सुट्टीबाबत हे बऱ्यापैकी खरं आहे. पण आज बोलायचं आहे ते छोट्या सुट्टीबद्दल. गणपतीचे पाच दिवस, दिवाळीचा आठवडा, नाताळ, किंवा शनिवार-रविवारला जोडून आलेली एखादी सुट्टी. अशा वेळी वसतिगृहातल्या मुलाला ठरवावं लागतं: जायचं की राहायचं? वरवर हा ज्याचा त्याचा प्रश्न वाटतो. माझं म्हणणं असं की यातलं निम्म्याहून जास्त त्याच्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवलेलं असतं. कॉलेजने, रेल्वेने, एसटीने आणि खानावळीच्या आचाऱ्याने.

वडप्यात हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. भिवंडी बायपास आणि नाशिकचा महामार्ग तुमच्या दारात आहे. माजिवड्यापासून वडप्यापर्यंतच्या रस्त्याचं रुंदीकरण तुम्ही रोजच्या धुळीतून अनुभवलंय. पलीकडे आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता आठ तासांत नागपूर, असं सगळे म्हणतात. म्हणतात ते चारचाकीवाले. ज्याच्या खिशात पाचशे रुपये आहेत आणि पाठीवर एक बॅग आहे, त्याचं नागपूर अजून तिथेच आहे.

दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघंही मुंबईत शिकतात, दोघांनाही चार दिवसांची सुट्टी आहे. एक मोखाड्याचा. तो कसारा लोकल धरतो, अडीच-पावणेतीन तासांत कसाऱ्याला उतरतो आणि तिथून खोडाळ्याकडे जाणारी जीप बघतो. जीप भरली की सुटते. भरली नाही तर भरेपर्यंत थांबायचं. सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला घरी. दुसरा भामरागडचा. मुंबई ते नागपूर रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, म्हणजे एक रात्र. नागपूरहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटर आणि तिथून भामरागड जवळजवळ तेवढंच पुढे. शुक्रवारी संध्याकाळी निघालेला हा मुलगा शनिवारी रात्री पोचला तर नशीब, नाहीतर रविवार उजाडतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. सोमवारी त्याला परत निघायचं असतं. चार दिवसांच्या सुट्टीत त्याला घरचा एक दिवस मिळतो, आणि त्यासाठी तो तीन दिवस बसून राहतो. कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये मात्र दोघांचीही सुट्टी सारखीच छापलेली असते.

आता तिकिटाचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत म्हणजे वैताग. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. सणाच्या गाड्यांची स्लीपरची जागा खिडकी उघडली की काही मिनिटांत संपते, हे तुम्हाला माहीत आहे. आणि आपल्याकडे सत्राची शेवटची परीक्षा नक्की कधी, प्रात्यक्षिक कुठल्या दिवशी, सुट्टी कधीपासून, हे विद्यार्थ्याला कधी कळतं? बऱ्याच ठिकाणी महिनाभर आधी. कधी पंधरा दिवस. म्हणजे तारीख कळते तेव्हा जागा संपलेली असते. मग तत्काळ, नाहीतर जनरलचा डबा, नाहीतर ट्रॅव्हल्स. खासगी बसने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असा शासन निर्णय २०१८ साली झाला. दिवाळीच्या आदल्या रात्री तो कुठल्या बसमध्ये लावलेला दिसतो, हे मी तुमच्यावर सोडतो.

एसटीची विद्यार्थी सवलत आहे, आणि ती चांगली आहे. मासिक पासात जवळपास दोन तृतीयांश सूट. पण तो पास रोज घर ते कॉलेज ये-जा करणाऱ्यासाठी. जो वसतिगृहात राहतो आणि वर्षातून चारदा घरी जातो, त्याला तो लागू पडत नाही. मुलींना मात्र १७ मार्च २०२३ पासून महिलांच्या अर्ध्या तिकिटाचा फायदा झाला, आणि मोठा झाला. तरी मुलीच्या घरून पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. 'किती वाजता उतरशील? कुठे उतरशील?' हा असतो. हायवेवर पुलाखाली बस थांबते, रात्रीचे साडेदहा वाजलेले, पुढे गावात जायला रिक्षा नाही. अशा वेळी बाप म्हणतो, 'राहू दे गं पोरी, पुढच्या वेळी ये.' इथे बसलेल्यांपैकी काहींनी हे वाक्य म्हटलेलं असणार.

बरं, राहिला समजा. राहणं म्हणजे काय? खोलीची किल्ली जवळ असली म्हणजे राहता येतं असं नाही. पहिली बंद होते ती खानावळ. आचारीही माणूस आहे, त्यालाही दिवाळी आहे, त्याने घरी जावं यात काही चूक नाही. पण त्याच्या जागी कोण, हे कुणी ठरवलेलं नसतं. जुन्या काळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, आठवड्यातला एकेक वार एकेका घरी. त्या पद्धतीत मिंधेपण होतं, जातीची कुंपणं होती, ती गेली ते उत्तम झालं. पण सणाच्या दिवशी त्या मुलाच्या पानात गोड पडायचं, कारण जेवण घराशी बांधलेलं होतं. आजच्या वसतिगृहात उलट आहे. गावभर फराळ, आणि वसतिगृहात वडापाव.

शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांमध्ये २०१८ साली खानावळीऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायचं ठरलं. त्याविरोधात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसे वेळेवर येतील का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. त्याला आपल्या विषयाची एक बाजू आहे. पैसे आले तरी सणाच्या दिवशी परिसरातलं पोळी-भाजी केंद्र बंद असतं. खात्यातला आकडा खाता येत नाही.

ज्यांनी महाराष्ट्रात वसतिगृहं उभी केली, त्यांना हे कळत होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं काढली. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही हकीकत घरोघरी माहीत आहे. आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यात एक व्यवस्थेची गोष्टही दिसते: पोरं इथे आहेत तोवर चूल पेटली पाहिजे, आणि ती जबाबदारी बोर्डिंगची. नंतर वसतिगृह ही खोल्यांची इमारत झाली. निवासाची जबाबदारी उरली, घराची गेली.

आता सगळ्यात अवघड भाग. आपण 'घरी जा' म्हणतो तेव्हा धरून चालतो की घर आहे तिथेच आहे.

शहापूर, वाडा, मोखाडा, जव्हार भागातली पुष्कळ कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं भातकापणी आटोपली की वीटभट्टीवर जातात. त्यांतल्या बऱ्याच भट्ट्या आपल्याच तालुक्यात आहेत, तुम्ही येता-जाता बघता. दिवाळीनंतर गेलेलं कुटुंब पावसाळ्याच्या तोंडाशी परततं. या कुटुंबातलं एखादं मूल, बहुतेक वेळा घरातलं पहिलंच, कॉलेजात पोचतं. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी जातं ते कापणी-झोडणीला. त्याला सुट्टी म्हणणं धाडसाचं आहे, पण निदान घर उघडं असतं. नाताळच्या सुट्टीत दाराला कुलूप असतं. आई-वडील भट्टीवर, पाल्याच्या नाहीतर विटांच्या खोपीत. मुलाने कुठे जायचं? गेलाच तर तो भट्टीवर जातो, आणि भट्टीवर रिकामा बसून कोणी राहत नाही. तोही विटा थापतो, आणि त्याची मजुरी आई-बापांच्या उचलीत वळती होते.

शाळकरी मुलांसाठी शासनाने या स्थलांतराचा विचार केला. पालक बाहेर गेले तरी मूल गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. तिच्यात उणिवा असतील, पण घर सहा महिने बंद असतं ही गोष्ट तिने मान्य केली. बारावीच्या पुढे गेलं की मात्र आपण मुलाला मोठा झाला म्हणतो आणि सुट्टीत वसतिगृहाच्या फाटकाला कुलूप लावतो. मार्च २०२० मध्ये हेच एकदम सगळ्यांच्या बाबतीत झालं. वसतिगृहं रिकामी करा म्हणाले. कोटा शहरात अडकलेली आपली मुलं आणायला एप्रिलअखेर धुळ्याहून एसटीच्या गाड्या पाठवाव्या लागल्या. आणि तुमच्यासमोरच्या या महामार्गावरून माणसं चालत गेली. तेव्हा सगळ्यांना दिसलं, कारण संख्या मोठी होती. दर नाताळला ती छोटी असते.

राहणाऱ्यांपैकी काही जण काम शोधतात. सणाच्या विक्रीच्या दिवसांत इथल्या गोदामांना जास्तीचे हात लागतातच. दहा दिवस पाकिटं बांधली तर सत्राच्या झेरॉक्सचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च निघतो. यात कमीपणा काहीच नाही. 'कमवा आणि शिका' ही आपलीच परंपरा आहे. फरक इतकाच की भाऊरावांच्या योजनेत काम किती आणि अभ्यास किती हे बघणारं कोणी होतं. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळी वसतिगृहाचा पहारेकरी 'सुट्टीत कशाला थांबलास?' विचारतो, तेव्हा बघणारं कोणी नसतं.

करता येण्यासारखं थोडं आहे आणि ते महागही नाही. सुट्टीची तारीख सत्र सुरू होतानाच पक्की करावी आणि परीक्षा तिच्या आत बसवावी. म्हणजे साठ दिवसांची खिडकी विद्यार्थ्याला सापडेल. जवळजवळच्या चार वसतिगृहांनी मिळून सुट्टीत एक खानावळ चालू ठेवावी, आचाऱ्यांनी आळीपाळीने घरी जावं. आणि कोण थांबणार हे विचारताना कारण मागू नये. 'घर बंद आहे' हे कारण कागदावर लिहिणं अठरा वर्षांच्या मुलाला सोपं नसतं. तो 'अभ्यास' असं लिहितो.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: रेल्वेत विद्यार्थ्यांना घरी जायला सवलत असते म्हणतात, ती अजून आहे का?)

आहे. करोनानंतर बऱ्याच सवलती गेल्या, विद्यार्थ्यांची राहिली. मूळ गावी जाण्यासाठी सेकंड आणि स्लीपर क्लासला निम्मी सूट, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. मोबाईलवर ती मिळत नाही. कॉलेजकडून प्रमाणपत्र घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जावं लागतं. प्रमाणपत्रावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. तेव्हा तुमच्या मुलीला सांगा, ऑफिसातून तो कागद आताच घेऊन ठेव. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर ऑफिसात कोणी सापडत नाही.