गाडीतला डिजिटल रेडिओ: अँड्रॉइड स्टिरिओ बसवला आणि बाबांचं स्टेशन गेलं

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना मी दोनदा चुकीचा आकडा सांगितला होता, तो इथे दुरुस्त केलाय.

तर झालं असं. बाबा दर पंधरा दिवसांनी नाशिकहून ठाण्याला आजीकडे जातात, स्वतः गाडी चालवत. मागच्या दिवाळीला मी हौसेने त्यांच्या गाडीत नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. मॅप, यूट्यूब, सगळं झकास. दोन फेऱ्यांनंतर बाबा म्हणाले, "अरे, ते मुंबईचं स्टेशन आता लागतच नाही. कसाऱ्याला तुझं इंटरनेट जातं, मग मी नुसता बसून राहतो."

मला वाटलं, डिजिटल रेडिओ घेऊन टाकू, विषय संपला. ऑनलाइन एक डब्बी मिळाली, वर लिहिलेलं 'डॅब प्लस'. सोबत काचेला चिकटवायचा पट्टीसारखा अँटेना. रविवारची अख्खी सकाळ घालवून बसवला, स्कॅन केला. शून्य स्टेशन. परत स्कॅन, परत शून्य. इंजिनिअर असल्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण मी आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं.

डॅब हे मुख्यतः युरोपातलं तंत्र. नॉर्वेने तर २०१७ मध्ये देशपातळीवरची एफएम स्टेशनं बंद करून डॅबवर नेली. ते १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि नाशिकच्या हवेत त्या पट्ट्यात डॅबचं काहीच नाही. डब्बी बिचारी ठीक होती, ऐकायला कोणी बोलतच नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट: बॉक्सवर डॅब दिसलं की भारतात वापरण्यासाठी पैसे घालवू नका.

आपल्याकडे आकाशवाणीने निवडलं ते डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल. देशभरात सुमारे ३५ डीआरएम ट्रान्समीटर उभे केले, बहुतेक मीडियम वेव्हवर. मुंबईला १०४४ किलोहर्ट्झचं जुनं ॲनलॉग स्टेशन, त्याच्या अगदी शेजारी चिकटून डिजिटल सिग्नल, अशी जोडगोळी. एफएम साधारण नजरेच्या रेषेत जातं, त्यामुळे नाशिक आकाशवाणीचं १०१.४ घाटात उतरलं की विरतं. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते.

आणि मजा अशी की मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्रा यांच्या काही मॉडेल्समध्ये डीआरएम कंपनीतूनच येतं. बाबांच्या गाडीत ते होतं! मीच ते काढून माळ्यावर टाकलं होतं. बाजारातल्या बहुतेक अँड्रॉइड स्टिरिओत फक्त एफएम असतं, तेही यथातथा. तुमच्या गाडीचा मूळ स्टिरिओ काढण्याआधी रेडिओच्या मेनूत 'डीआरएम' शोधा, किंवा गाडीचं मॅन्युअल बघा. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

मग माळ्यावरून जुना स्टिरिओ काढला, परत बसवला. एफएम लागलं, पण डीआरएम नाही. इथे अँटेनाची गोष्ट सुरू होते, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

चांगला अँटेना तरंगलांबीच्या पाव भागाइतका असावा, असा ढोबळ हिशोब. १०१.४ मेगाहर्ट्झला तो येतो ७४ सेंटिमीटर. १०४४ किलोहर्ट्झला? जवळपास ७२ मीटर. वीस मजली बिल्डिंगएवढा दांडा छतावर लावून द्वारका सर्कलला वळणार कसं? म्हणून छतावरचा तो छोटा दांडा किंवा शार्क फिन मीडियम वेव्हसाठी फारच तोकडा असतो, आणि त्याच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. त्याला १२ व्होल्ट लागतात. काही गाड्यांत ते अँटेनाच्या केबलमधूनच जातात, काहींत वेगळ्या वायरने.

आमच्या गाडीत वेगळी वायर होती. अँड्रॉइड बसवताना फिटरने कंपनीचा प्लग कापून वायरी पिळून टेप मारली होती. मी परत जोडताना ती एक वायर टेपखाली तशीच लोंबत राहिली. मल्टिमीटर लावला तर शून्य व्होल्ट. शहरात एफएमचा सिग्नल तगडा, म्हणून ते तरीही लागत होतं. सिन्नरच्या पुढे मात्र खरखर. तुमचं एफएम नवा स्टिरिओ बसवल्यापासून कमजोर झालं असेल, तर आधी हीच वायर बघा. अँड्रॉइड स्टिरिओत ती बहुधा निळी असते. कापाकापी नकोच, गाडीप्रमाणे तयार सॉकेट मिळतं, ते मागा. आणि दांडा बदलणार असाल तर बूड जिथे छताला टेकतं तिथला गंज आधी घासून घ्या, अर्थिंग नीट मिळत नसेल तर महागडा अँटेनाही वाया.

वायर जोडली. पुढच्या फेरीला मीही बाबांसोबत गेलो. शहापूरच्या पुढे स्क्रीनवर स्टेशनचं नाव यायचं, आवाज यायचा, आणि गप्प. डिजिटलचा स्वभावच तसा: ॲनलॉग हळूहळू खरखरत जातं, डिजिटल एकतर स्वच्छ किंवा एकदम मुकं. मधलं काही नाही. शिवाय स्टेशन धरायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात आपण बटण दाबून पुढे जातो. बाबा नेमकं तेच करत होते.

पण गप्प होण्याचं कारण वेगळं निघालं. डॅशकॅमचा स्वस्तातला यूएसबी चार्जर. हे चार्जर आतून सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांचा गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडतो. मी चार्जर उपटला, पाच-सहा सेकंदांत मराठी निवेदिकेचा आवाज, एकदम स्वच्छ. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त आवाज वाढवला.

आता नवीन काय येतंय, असं काही जणांनी विचारलंय. ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी स्टेशनांसाठी डिजिटल रेडिओच्या शिफारशी दिल्या: एफएमच्याच पट्ट्यात, आधीचं ॲनलॉग चालू ठेवून, सुरुवात १३ शहरांत. मुंबई, पुणे, नागपूर आहेत. नाशिक नाही. शिवाय देशभर एकच तंत्र ठेवावं असं म्हटलंय, त्यामुळे आज 'भविष्यातही चालेल' म्हणून कोणी महाग स्टिरिओ गळ्यात मारत असेल तर जरा थांबा.

अँड्रॉइड स्टिरिओ आता माझ्या गाडीत आहे. डॅशकॅमला झाकण असलेला चांगला चार्जर घेतला, तरी कसारा आला की बाबा तो काढूनच ठेवतात. तुमच्या गाडीत डीआरएम निघालं तर कोणत्या रस्त्यावर कुठपर्यंत लागतं, ते व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या वेळी ऐकवतो.