तुळशींत भांग

गेल्या श्रावणांत विरारास एका जुन्या स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांचें मूळ घर आगाशीचें. केळीची वाडी, तिच्या कडेला बावखल, अंगणांत तुळशीवृंदावन आणि उन्हांत वाळत घातलेलीं सुकेळीं, असा तो जुना संसार आम्हीं लहानपणीं पाहिलेला होता. पुढें वाटण्या झाल्या, वाडी गेली आणि नाना (आम्ही त्यांस नानाच म्हणतों) विरारच्या एका उंच इमारतींत चौथ्या मजल्यावर राहावयास आले. तुळस मात्र बरोबर आली. ती आतां सज्जांत एका कुंडींत आहे. चहा झाल्यावर नाना कौतुकानें म्हणाले, "चला, तुम्हांला आमच्या चिरंजीवांची वाडी दाखवितों. पावसाची कटकट नाहीं, गुरांचा उपद्रव नाहीं, सारें बंद खोलींत!"

चिरंजीवांचें वय तेवीस. संगणकाच्या एका कंपनींत नोकरी, आणि तीही घरीं बसून, रात्रपाळीची. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यांत पुरुषभर उंचीचा काळ्या कापडाचा तंबू उभा होता; आंतून रुपेरी अस्तर, वर दिवा, बाजूस एक लहानसा पंखा. मसाल्याचीं रोपें लावलीं आहेत, असें त्यांनीं वडिलांस सांगितलें होतें. नानांनीं पडदा बाजूस केला, तों आंत वीतभर उंचीचीं दोन रोपें. करवतीसारख्या कडा, आणि पंजाच्या बोटांसारखीं सुटीं सुटीं दलें. नानांचा जन्म वाडींत गेला, पण हें झाड त्यांच्या वाडींत कधीं नव्हतें. आम्हीं तें ओळखलें, तें कुमाऊंच्या प्रवासांत रस्त्याच्या कडेला रानोमाळ पाहिलें होतें म्हणून.

"भाऊजी, हें कसलें हो झाड?" वहिनींनीं दारांतूनच विचारलें. मुलाच्या तोंडावरचा रंग उडाला होता. गांजाचें, एवढें उत्तर वास्तविक पुरें होतें. परंतु तेवढ्यानें त्या माउलीस कांहीं कळलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्या दिवशीं जें अर्धवट बोललों, तें येथें सावकाश लिहीत आहों. कारण बंद खोल्या आतां पुष्कळ घरांत झाल्या आहेत.

वनस्पति या नात्यानें हें झाड आपणांस परकें नव्हे. अथर्ववेदांत सोम व दर्भ यांच्या जोडीस भंग हें नांव आलें आहे. तें हेंच झाड कीं दुसरें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. वैद्यक याला विजया म्हणतें, आणि जातिफलादि चूर्णासारख्या कांहीं औषधांत त्याचीं शुद्ध केलेलीं पानें पडतात. मात्र तीं वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं. एकाच झाडाचे तीन जिन्नस होतात. पानांची ती भांग, मादी झाडाच्या राळेनें चिकट झालेल्या फुलोऱ्याचा तो गांजा, आणि नुसत्या राळेचा तो चरस. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें कायद्याच्या प्रसंगीं त्याची गरज लागणार आहे.

आमच्या वसईचा तर या झाडाशीं फार जुना व कांहींसा चमत्कारिक ऋणानुबंध आहे. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. त्याच सालीं गार्सिया द ओर्टा नांवाचा एक वैद्य मार्तिम अफोंसो द सोझा या पोर्तुगीज सरदाराबरोबर हिंदुस्थानांत आला. पुढें मुंबईचें बेट त्याला खंडानें मिळालें, आणि तें बेट त्या काळीं वसईच्याच अंमलाखालीं होतें. ओर्टानें येथील औषधींवर संवादरूपानें लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यास छापून निघाला. त्यांतील एक संवाद भांगेवर आहे. बहादुरशहानें सोझा यास विश्वासानें सांगितलेली एक गोष्ट तेथें नमूद आहे: रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण येथें जावेंसें वाटलें, कीं सुलतान थोडीशी भांग खाई, तेवढ्यानें प्रवास होत असे. ज्या राजानें दिवसां वसई दिली, तो रात्रीं घेणाऱ्याच्या मुलुखांत फिरून येत होता, हें वाचून हसावें कीं कपाळाला हात लावावा, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. १५३७ मध्यें दीवजवळ पोर्तुगीजांशीं झालेल्या झटापटींत तो समुद्रांत मारला गेला.

ओर्टा हा चांगला वैद्य होता, म्हणून त्यानें दोन्ही बाजू टिपल्या. त्याच्या नोकरांनीं त्याच्या नकळत भांग घेतली, तेव्हां त्यांना श्रम जाणवले नाहींत, मन प्रसन्न झालें आणि खा खा सुटली. उलट एका पोर्तुगीज विदूषकानें भांगेच्या पाकाच्या एकदोन फोडी खाल्ल्या, तो आधीं असंबद्ध बरळला आणि मग टिपें गाळीत बसला. मादक पदार्थाचा गुण ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणें पालटतो, ही गोष्ट साडेचारशें वर्षांपूर्वीं आमच्याच किनाऱ्यावर लिहून ठेवलेली आहे.

या विषयावर केवळ शिव्याशाप देऊन भागत नाहीं, हें इंग्रज सरकारासही कळलें होतें. १८९३ सालीं नेमलेल्या गांजा-भांग चौकशी मंडळानें ११९३ साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यांत अहमदनगर व सातारा या बाजूंस त्या वेळीं परवान्यानें गांजा पिकत असे. वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरांत गांजामुळें वेड लागलेले म्हणून जे लोक नोंदलेले होते, त्यांची मंडळानें एकेकाची पुन्हां चौकशी केली. १८९२ सालच्या अशा २२२ नोंदींपैकीं अवघ्या ९८ टिकल्या. बाकीच्यांच्या बाबतींत पोलिसांच्या कागदावर गांजा हा शब्द होता म्हणून कारकुनानें तोच उतरून घेतला होता! माफक सेवनापासून बहुधा अपाय होत नाहीं, अतिसेवनापासून होतो, आणि सरसकट बंदीची जरूर नाहीं, असा निर्णय मंडळानें १८९४ मध्यें दिला. नानांच्या चिरंजीवांस हा अहवाल ठाऊक होता. आजचे तरुण वाचीत नाहींत असें म्हणणारांनीं जरा जपून बोलावें. ते वाचतात, फक्त आपल्या सोयीचें पान वाचतात.

कारण त्या मंडळानें पाहिलेला गांजा आणि तंबूंतला गांजा यांत फार अंतर पडलें आहे. या झाडाची नशा ज्या द्रव्यांत आहे, तें १९६४ मध्यें इस्रायलांत मेशुलम व गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. तेव्हांपासून तें मोजतां येऊं लागलें. अमेरिकेंत जप्त झालेल्या मालांत त्याचें प्रमाण १९९५ सालीं सरासरी शेंकडा ४ होतें, तें २०१४ पर्यंत शेंकडा १२ वर गेलें. बहादुरशहाची फोड आणि हा फुलोरा यांस एकच नांव आहे, इतकेंच. स्वीडनमध्यें सैन्यभरतीच्या वेळीं तपासलेल्या सुमारें ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षें मागोवा घेतला, तेव्हां पन्नासांहून अधिक वेळां गांजा ओढलेल्यांत मनोभंगाचा गंभीर विकार सुमारें सहापट आढळला. हें १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्यानें ज्यानें ओढला तो वेडा झाला, असा याचा अर्थ नव्हे. पण वीस-बावीस वर्षांच्या, आधींच निद्रा गमावलेल्या मुलाच्या हातीं ही सोडत कोणता बाप देईल?

आतां हें रानचें झाड तंबूंत कां शिरलें, तें सांगावयास हवें. पाश्चात्य देशांत बंदी कडक होत गेली. १९८३ पासून कॅलिफोर्नियांत सरकार हेलिकॉप्टरांतून रानें धुंडाळूं लागलें, आणि लागवड करणारे हळूहळू छपराखालीं गेले. छपराखालीं तें झाड वाढतें, यामागें एक मनोहर शास्त्रीय शोध आहे. जूलियन तूर्न्वा या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला पहिल्या महायुद्धाच्या थोडें आधीं असें दिसलें, कीं याच जातीचें अंबाडीसारखें वाखाचें झाड प्रकाशाचे तास कमी मिळाले, कीं लवकर फुलतें. तो युद्धांत मारला गेला. त्याचें अपुरें राहिलेलें काम गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकनांनीं तंबाखू व सोयाबीन यांच्या कुंड्या दिवसांतले कांहीं तास काळोख्या खोपटांत कोंडून पुरें केलें आणि १९२० मध्यें जगापुढें मांडलें: झाडांचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. शेवंती ठराविक ऋतूंतच कां फुलते, याचें उत्तरही त्यांत आहे. नानांच्या घरचा काळा तंबू म्हणजे त्या काळोख्या खोपटाचाच पणतू होय. वंश थोर, पण विजेचा खर्च केवढा! असली लागवड अमेरिकेंतील एकंदर विजेपैकीं सुमारें शेंकडा एक हिस्सा खाते, असा अंदाज २०१२ मध्यें एका शास्त्रज्ञानें काढला होता. ज्या आगाशीस फुकटच्या उन्हावर सुकेळीं वाळतात, तेथून दोन-तीन कोसांवर खोली बंद करून विजेचा सूर्य टांगावयाचा, हें आम्हां जुन्या माणसांस तरी विपरीत वाटतें.

परंतु चिरंजीव वादाला तयार होते. त्यांचे मुद्दे तीन. कॅनडांतल्या आतेभावाच्या घरीं हें सर्रास चालतें. शंकराला भांग चालते. आणि दोन रोपांनीं कोणाचें काय बिघडणार?

पहिला मुद्दा खरा आहे. कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार रोपांची मुभा आहे. जर्मनींत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास तीन. मात्र कॅनडांतल्याच क्वेबेक प्रांतानें घरगुती लागवड मना केली, आणि ती मनाई तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२३ मध्यें कायम केली. आतेभावाचा कायदा आतेभावाच्या घरीं.

दुसऱ्या मुद्द्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्यच घात करतें. गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयींचा १९८५ चा कायदा गांजाच्या व्याख्येंतून नुसतीं पानें वगळतो, हें खरें. पण महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें भांगेलाही परवाना लागतो. आणि मुख्य गोष्ट अशी, कीं पान वगळलें तरी झाड वगळलेलें नाहीं. झाड लावणें हाच वेगळा गुन्हा आहे.

तिसऱ्या मुद्द्यानें तर आमच्या अंगावर कांटा आला. बाळगलेल्या गांजाच्या बाबतींत कायदा वजन पाहतो: एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी, आणि त्याप्रमाणें शिक्षा कमीअधिक. लागवडीच्या कलमांत रोपांची संख्याच नाहीं. दोन कुंड्या असोत वा दोन बिघे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड, एवढी मर्यादा न्यायाधीशापुढें असते. न्यायाधीश तारतम्य पाहील, हें खरें. परंतु तें पाहिलें जाईपर्यंत नोकरी, पारपत्र आणि आईची झोप यांचें काय होतें, तें ज्यांनीं कोर्टाची पायरी चढली आहे त्यांस विचारावें.

इतका वेळ नाना स्वस्थ ऐकत होते. आतां त्यांनीं विचारलें, "घर माझ्या नांवावर आहे. म्हणजे मीही गुन्हेगार?"

त्या कायद्याचें पंचविसावें कलम आम्हीं त्यांना सांगितलें. आपलें घर अथवा खोली असल्या कामासाठीं जो जाणूनबुजून वापरूं देईल, त्यास त्याच गुन्ह्याची शिक्षा आहे. "जाणूनबुजून, नाना. मघांशीं चहा घेत होतां तोंपर्यंत तुम्ही नव्हतां. आतां तुम्हीं जाणलें आहे."

नाना उठून सज्जांत गेले. मुलगा कधीं नव्हे तो त्यांच्यामागून गेला. कायद्याच्या दहा कलमांनीं जें झालें नव्हतें, तें बापाच्या पाठमोऱ्या उभें राहण्यानें झालें. महाविद्यालयाच्या वसतिगृहांत संवय लागली. रात्रपाळी सुरू झाल्यापासून त्याशिवाय डोळा लागत नाहीं. गल्लींत अंधारांत विकत घेण्याची भीति वाटूं लागली, म्हणून घरींच लावावें असें ठरविलें. इतकें सारें तो एका दमांत बोलून गेला. दोन वर्षें तो भिंतीपलीकडे जागा होता, आणि आईबाप त्याला दहाच्या आंत जेवण मिळतें कीं नाहीं एवढीच काळजी करीत होते. वहिनी त्याला कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त त्या खोलीची खिडकी उघडली.

आम्ही वकील नव्हे. म्हणून कायद्याकरितां त्यांस दुसऱ्याच दिवशीं एका जाणत्या वकिलांकडे पाठविलें, आणि निद्रेकरितां मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रसंग असेल, तर दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. व्यसनी माणूस सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या आरोपांत सांपडला आणि स्वखुशीनें उपचारास गेला, तर कायद्याच्या ६४-अ कलमानें त्यास खटल्यापासून सूट मिळूं शकते. शिवाय १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठीं सरकारी दूरध्वनि विनामूल्य आहे. पुण्याचें मुक्तांगण तर आपल्या ओळखीचेंच. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ मध्यें पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें तें सुरू केलें, आणि घरच्या माणसांस बरोबर घेतल्यावांचून व्यसन सुटत नाहीं, हें महाराष्ट्राला त्यांनीं कृतीनें दाखविलें.

तीं दोन रोपें त्याच रात्रीं नाहींशीं झालीं. कोणीं उपटलीं, तें आम्हीं विचारलें नाहीं. दिवाळींत वहिनींचा दूरध्वनि आला. मुलानें रात्रपाळी सोडून दिवसाची मागून घेतली आहे, पगार थोडा कमी झाला; पंधरा दिवसांनीं डॉक्टरांकडे जातो; झोप अजून पुरती आलेली नाहीं, आणि मध्यंतरीं एकदां पाय घसरला तो त्यानेंच येऊन सांगितला. तंबू घडी घालून माळ्यावर ठेवला आहे. वहिनींस तो विकून टाकावासा वाटतो. मुलगा म्हणतो, त्या दिव्याखालीं सुकेळीं वाळतात का, तें एकदां पाहूं. आणि नानांस ती कल्पना मुळींच पसंत नाहीं.