गव्हाच्या नकाशाची १३ वर्षे

भाताचा जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला, त्याच वर्षी गव्हासाठी आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. काम धाडसाचे होते. गव्हाचा जनुकसंच भाताच्या सुमारे चाळीसपट, जवळपास १६ अब्ज अक्षरांचा. त्यातला सुमारे ८५ टक्के मजकूर पुन्हा पुन्हा येणारा. शिवाय तीन पूर्वज गवतांचे संच त्यात एकत्र नांदतात. तीन जवळजवळ सारख्या गोधड्या फाडून चिंध्यांचा एकच ढीग केला, तर कुठली चिंधी कुठल्या गोधडीची हे कसे ठरवायचे?

उत्तर चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्सच्या प्रयोगशाळेत सापडले. यारोस्लाव दोलेझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेली गुणसूत्रे एकेक करून लेझरसमोरून नेली आणि आकारानुसार वेगळी काढली. ३बी हे सर्वांत मोठे, सुमारे एक अब्ज अक्षरांचे, म्हणून ते सहज ओळखू आले. त्याचे सरासरी एक लाख अक्षरांचे तुकडे करून ते जिवाणूंमध्ये घातले. एका वसाहतीत एक तुकडा. असे ६७,९६८ क्लोन गोठवून ठेवले गेले. प्रत्येक तुकडा विकरांनी कापून त्याचा ठसा घ्यायचा. दोन ठसे पुरेसे जुळले की ते तुकडे शेजारी, असे मानून साखळी वाढवायची. फ्रान्समध्ये कॅथरीन फ्योये यांच्या गटाने २००८ मध्ये अशा १,०३६ साखळ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात गुणसूत्राचा ८२ टक्के भाग आला होता.

उरलेल्या गुणसूत्रांचे आकार एकमेकांच्या फार जवळचे. तिथे कामी आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्नेस्ट सीअर्स यांनी मिसुरीत जोपासलेली रोपे. त्यांच्यात एखाद्या गुणसूत्राची एकच भुजा उरलेली असे, आणि ती आखूड भुजा गर्दीतून वेगळी काढता येई. ही सारी रोपे ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाची, म्हणून नकाशाही त्याच वाणाचा. शेतात फारसे मोल नसलेला हा वाण विज्ञानात अमूल्य ठरला, याचे श्रेय सीअर्स यांच्या चिकाटीला द्यायलाच हवे.

गुणसूत्रे देशादेशांत वाटली गेली. २ए भारताकडे आले. लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ आणि दिल्लीतील दोन संस्थांनी ते सांभाळले.

२०१८ मध्ये सर्व गुणसूत्रांचा संदर्भसंच आला: १४.५ अब्ज अक्षरे, १,०७,८९१ जनुके. तोवर वाचनयंत्रे आणि संगणकप्रणाली इतक्या पुढे गेल्या होत्या की मुख्य जुळणी संपूर्ण जनुकसंचाच्या छोट्या वाचनांतूनच झाली. तरी जुने क्लोन-नकाशे वाया गेले नाहीत. त्यांची माहिती या जुळणीत मिसळूनच अंतिम संच तयार झाला.