‘पॉइंट’ शब्दाचा विस्तार

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द दिसावयास लहान, पण त्यांचा संसार फार मोठा असतो. ‘पॉइंट’ हा त्यांपैकींच एक. मुलांना तो इंग्रजीच्या आरंभींच भेटतो आणि त्याचा एक अर्थ पाठ झाला कीं शब्द आला, असें त्यांना वाटतें. वस्तुतः सुईच्या अग्रापासून वादाच्या मुद्द्यापर्यंत त्याची धांव आहे. त्याचा विचार करावयास महाबळेश्वराइतकें सोयीचें दुसरें स्थळ आम्हांस दिसत नाहीं. कारण तेथें शिखर असो, कडा असो वा खिंड असो, सर्वांच्या नांवापुढें हाच एक शब्द लावलेला आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘टोचणें’ असा आहे. जें टोचतें तें अग्र, आणि टोचल्यावर जी खूण उरते तो बिंदु. या शब्दाचे बहुतेक सारे अर्थ या दोन घराण्यांत बसतात. पेन्सिलीचें टोंक, बाणाचें अग्र, समुद्रांत शिरलेली भूमीची जीभ हें पहिलें घराणें. मुंबईचा मलबार पॉइंट यांतलाच. भूमितींतील लांबीरुंदी नसलेला बिंदु, दशांशचिन्ह, वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम, पाणी ज्यावर उकळतें तो उत्कलनबिंदु, खेळांत मिळणारा गुण आणि वादांतील मुद्दा हें दुसरें. यांतील पूर्णविराम तर मराठींत इंग्रजी अमदानींतच रूढ झाला. इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं सिद्ध करणारे मेजर कँडी यांचा त्या कामीं मोठा वांटा होता.

आमच्या संस्कृतांतही या अर्थांसाठीं सामग्री थोडी नाहीं. अग्र, कोटि, बिंदु हे शब्द तर आहेतच. पण त्यांपासून झालेले सामासिक शब्द पाहिले म्हणजे मौज वाटते. दर्भाच्या टोंकासारखी तीक्ष्ण ती कुशाग्र बुद्धि. ज्याचें मन एकाच टोंकावर स्थिर झालें तो एकाग्र. आणि दुर्योधनानें पांडवांना नाकारली ती सूच्यग्रावर मावेल एवढी भूमि. हे तिन्ही प्रयोग आजही मराठी घरांतून ऐकूं येतात, मात्र त्यांत ‘अग्र’ दडलेलें आहे हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

आतां आपल्या बोलण्याकडे वळूं. ‘त्याचा पॉइंट बरोबर आहे’ असें आपण म्हणतों, तेथें ‘त्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे’ असें म्हणतां येतें. ‘तेथें जाण्यांत काय पॉइंट आहे?’ याला ‘काय हशील?’ हा जुना प्रश्न आहे. ‘प्लस पॉइंट’ म्हणजे जमेची बाजू, ‘टर्निंग पॉइंट’ म्हणजे कलाटणी, ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ म्हणजे दृष्टिकोन. लांबण लावणाऱ्यास ‘पॉइंटावर या’ म्हणण्याऐवजीं ‘मुद्द्याचें बोला’ म्हटलें तर तें अधिक झोंबतें. सभेंत कोणी नियमाकडे बोट दाखवून उठतो, तो हरकतीचा मुद्दा. येथें तथ्य, हशील, बाजू, कलाटणी आणि मुद्दा हे पांच शब्द एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. ‘पॉइंट’ मात्र पांचांच्याही जागीं येऊन बसतो, आणि त्यामुळें त्या शब्दांमधील भेद हळूहळू विसरला जातो.

हीच गोष्ट महाबळेश्वरीं डोळ्यांनीं पाहावयास मिळते. विल्सन पॉइंट हें तेथील सर्वांत उंच स्थान, सुमारें १,४३९ मीटर. लेस्ली विल्सन हे १९२३ ते १९२८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचें तें नांव. पण वस्तुतः तें टोंक नव्हे, शिखर होय. जनरल लॉडविक १८२४ सालीं या डोंगरावर आले. त्यांच्या नांवाचा पॉइंट म्हणजे दरींत पुढें गेलेली डोंगराची सोंड. तिच्या शेवटच्या खडकाला हत्तीच्या मस्तकाचीच उपमा देतात. गव्हर्नर माल्कम यांच्या कन्येच्या नांवाचा केट्स पॉइंट पूर्वीं नाके खिंड म्हणून ओळखला जाई. ‘आर्थर सीट’ ही आर्थर मॅलेट यांच्या नांवाची जागा तर सावित्रीच्या खोऱ्यावरचा उभा कडा आहे. तेथें ‘सीट’ म्हणजे आसन हा शब्द असूनही प्रवासी मंडळी तिला ‘आर्थर सीट पॉइंट’ म्हणतात!

शिखर, सोंड, खिंड, कडा या चार शब्दांनीं डोंगराची घडण कळते. कोठें चढावें, कोठें ओलांडून जावें आणि कोठें पाऊल जपावें, हें सह्याद्रींत गुरें राखणारा माणूस या शब्दांवरूनच जाणतो. ‘पॉइंट’ या शब्दावरून मात्र पाहणाऱ्यानें कोठें उभें राहावें एवढेंच कळतें. त्यांत प्रवाशाची सोय आहे, पण डोंगराची ओळख नाहीं.

म्हणून पाट्या बदलाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. तीं नांवें इतिहासाचीं आहेत, तीं राहोत. छापखान्यांत अक्षराचें माप ‘पॉइंट’मध्यें मोजतात, त्यालाही आमची हरकत नाहीं, वस्तु नवी, तिच्यासंगें शब्दही आला. परंतु जेथें आपला शब्द जिवंत आहे, तेथें तो मुलांच्या कानावर पडला पाहिजे, आणि तें काम शाळेपेक्षां घरचीं वडील माणसें अधिक चांगलें करतील. पुढच्या सुटींत मुलांना घेऊन महाबळेश्वरीं जाल, तेव्हां प्रत्येक ‘पॉइंट’वर त्यांना विचारा, ‘बाळांनो, हा कडा, कीं सोंड, कीं शिखर?’ नातवंडें उत्तर शोधूं लागलीं म्हणजे आजोबांनी आणि आजींनी आपल्या लहानपणचे चार शब्द त्यांच्या हवालीं करावे.